मानाचं घड्याळ

१

घड्याळ मुंबईहून परत आलं ते बंदच आलं. मखमली डबीत आडवं पडलेलं, काटे निपचित, आणि सोबत कंपनीच्या दुरुस्ती केंद्राचा इंग्रजी कागद. कागदाचा मतलब एवढाच की वॉरंटी रद्द. आत पाणी गेलंय, पण घड्याळाच्या दोषानं नाही. कुणीतरी चावी पिळून सैल केली, बाहेर ओढून ठेवली, आणि तशा उघड्या घड्याळावर पाणी पडलं.

शिवराजनं तो कागद सासऱ्याच्या मांडीवर टाकला.

"वाचा, मामा. तुमचा जन्म असलेच कागद वाचण्यात गेला की."

ते खरंच होतं. चनबसप्पा विमा कंपन्यांचे सर्व्हेअर होते. चादरीच्या कारखान्याला आग लागली, सुताच्या गोदामात पाणी शिरलं, की ह्यांना बोलावणं यायचं. राख बोटांत चोळून ते सांगायचे, ही आग लागली की लावली. त्यांनी एकदा सांगितलं की सोलापुरात त्यावर कुणी वर अर्ज करत नसे. निवृत्त झाल्यावरही लोक त्यांना बघून खुर्ची सरकवत. फक्त जुळे सोलापुरातल्या ह्या बंगल्यात, मुलीच्या सासरी, त्यांना कोपऱ्यातल्या दिवाणावर बसावं लागे.

घड्याळ त्यांनीच दिलेलं. स्वित्झर्लंडचं, सेल नसलेलं, हाताच्या हालचालीवर चालणारं. लग्नात जावयाला मान म्हणून काय द्यायचं हे वरपक्षानं आपणहून कळवलं होतं, कंपनीच्या नावासकट.

"बीगर," विहीणबाई नागव्वा आतून आल्या. त्या घरात व्याह्यांना बीगर म्हणत. "राग धरू नका. घड्याळ नवंच घेतलं होतं नव्हं? का कुणा मेलेल्या माणसाच्या मनगटावरचं उतरवलं?"

"शोरूममधून घेतलंय, वैनी. वॉरंटीचं कार्ड तुमच्यापाशीच आहे."

"कार्ड काय, कुणाचंही असतंय."

अप्पांनी चष्मा लावला. चनबसप्पांना सगळे अप्पाच म्हणत.

"माझं म्हणणं सरळ आहे," शिवराज म्हणाला. त्याचा आवाज कधी चढत नसे, ऐकणाऱ्यालाच पुढं वाकावं लागे. "हे घड्याळ चालू होऊन माझ्या हातावर येईल, त्या दिवशी शिवलीला ह्या उंबऱ्यात येईल. तोवर तुमची मुलगी तुमच्याकडं. तुम्ही दिलेल्या दोन्ही वस्तू एकदमच दुरुस्त होऊ देत."

नागव्वा हसल्या. अप्पांनी खाली बघत कागद पुढं वाचला. केंद्रानं आतले फोटोही पाठवले होते. चावीच्या नळीत पांढुरका, वाळून चिकटलेला पिठूळ थर, आणि तबकडीच्या मागं पिवळा डाग.

नुसत्या पाण्याचा डाग पिवळा पडत नाही, हे अप्पांनी आयुष्यभर बघितलं होतं.

२

"घड्याळ बंद पडलं कधी?" त्यांनी विचारलं.

"दसऱ्याला. त्याच्या आधी पट्टा सैल होतो म्हणून मी ते शोरूममध्ये टाकलं, एक कडी काढायला. मग मी आणि आई अकलूजला गेलो, कारखान्यात बॉयलरची पूजा होती. दसऱ्याला परत आलो. लोक सोनं द्यायला आलेले, सगळ्यांसमोर घड्याळ घातलं, तर काचेच्या आत वाफ धरलेली. माझं तोंड कुठं लपवू असं झालं."

"शोरूममधून घरी कधी आलं?"

"शिवलीला म्हणते दसऱ्याला सकाळी त्यांचा माणूस देऊन गेला. म्हणजे बिघडवलं ते तिथंच."

अप्पांचं काळीज हलकं झालं. मुलीचा संबंधच नव्हता. ते तसेच सात रस्त्याजवळच्या शोरूममध्ये गेले. मालक दिग्विजयशेठ तरुण होता, गोड बोलणारा.

"अप्पासाहेब, वॉरंटी परत मिळू शकते. आमच्या ताब्यात असताना आमच्या माणसाच्या हातून झालं, असं मी लिहून दिलं की कंपनी आतलं सगळं यंत्र नवीन बसवून देते. पण मग कंपनीला माणसाचं नाव द्यावं लागतं. त्याला मला काढावं लागेल, आणि ते नाव लागल्यावर कुठलाही घड्याळवाला त्याला दारात उभं करणार नाही."

"माणूस कोण?"

"सिद्धाराम. लहानपणापासून आमच्याकडं आहे. तुम्ही नुसतं सांगा, त्याच्या हातून झालं का नाही. तुमच्या शब्दावर मी सही करतो. मला त्यात पडायचं नाही."

सिद्धाराम काचेच्या पलीकडं उभा होता. मध्यम वयाचा, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या मनगटाकडं बघणारा.

"साहेब, मी अष्टमीलाच कडी काढून परत दिलं. बंगल्यावर स्वतः गेलतो. वैनीसाहेबांनी हातात घेतलं."

"त्या म्हणतात दसऱ्याला आलं."

सिद्धारामनं ओठ ओले केले. "त्यांना मी खोटं कसं म्हणू? पण मी अष्टमीला दिलं."

"पावती?"

"कडी काढायला पावती कोण करतंय, साहेब?"

"चावीला हात लावलास?"

"कडी काढायची तर चावीचं काय काम? ही चावी नुसती ओढून निघत न्हाय. आधी चार-दोन पिळे उलटे द्यावे लागतात. मुद्दाम केल्याशिवाय होत न्हाय ते."

मुद्दाम. हा शब्द घेऊन अप्पा बाहेर पडले. चावी ओढली की घड्याळ थांबतं. म्हणजे कुणालातरी ते थांबवायचं होतं. चांगलं चालतं घड्याळ कुणाला थांबवायचं होतं, आणि का?

३

चहाच्या टपरीवर त्यांनी फोटो पुन्हा उघडला. पिवळा डाग. टपरीवाल्यानं गल्ल्याच्या कडेला लावलेलं हळदीकुंकू दसऱ्यापासून तसंच होतं. अप्पा त्याच्याकडं बघत राहिले, आणि चहा निवून गेला.

हळद होती ती. दसऱ्याच्या आदला दिवस म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी सगळा गाव आपापली हत्यारं, यंत्रं पूजेला लावतो. पाणी शिंपडतात, हळदीकुंकू वाहतात. कुणीतरी घड्याळ पूजेला बसवलं होतं.

त्यांनी नागव्वांना फोन लावला.

"वैनी, खंडेनवमीला तुमच्यात पूजा कशी असते?"

"हे काय आता? गाड्या धुतो, हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. मग त्याच गाडीत बसून देवळात जातो. का, तुमच्यात बैलगाडीची करतात काय?"

"एवढंच विचारायचं होतं."

त्यांना हवं ते मिळालं होतं. शेतीवाले, गाडीवाले पूजा झाली की यंत्र चालू करून बघतात. विणकराच्या घरात उलटं. तिथं खंडेनवमीला माग थांबवतात, पट्टा उतरवतात, आणि दसरा उजाडेपर्यंत कुणी त्याला हलवत नाही. चालतं यंत्र पूजेला बसवायचं नसतं, त्या दिवशी त्याला विसावा. सोलापुरात जो मागाच्या खडखडाटात वाढला त्यालाच हे ठाऊक. आणि सेलचं घड्याळ असतं तर कुणी त्याला चालतं यंत्र समजलंही नसतं. हे घड्याळ कानाला लावलं की आतून टकटक ऐकू यायची, पाठीमागच्या काचेतून चाकं फिरताना दिसायची. विणकराच्या माणसानं त्याला मागासारखंच थांबवलं, मग पाणी शिंपडलं.

हे केलं ते विणकर घरातल्या माणसानं. श्रद्धेनं केलं आणि घड्याळ मारलं.

त्यांनी दिग्विजयशेठला फोन करून विचारलं, "सिद्धारामच्या घरी काय आहे?"

"पॉवरलूम आहेत की. भाऊ बघतो."

अप्पांनी टपरीवाल्याला नवीन चहा सांगितला. राखेत बोट घातल्यावर आगीचं मूळ सापडावं, तसं त्यांना वाटलं.

४

तरी पांढरा थर राहिला होता. एकही गोष्ट न उलगडलेली ठेवून अप्पा निकाल देत नसत.

अशोक चौकाच्या मागं सिद्धारामचं घर. पुढं खोली, मागं माग. खडखडाटात एकमेकांच्या कानाशी ओरडून बोलावं लागत होतं. सिद्धारामची आई सोनाबाई त्यांना बघून उभी राहिली, पदर सावरला.

"पोराच्या कामाचं काय हाय व्हय, साहेब?"

"नाही हो. मी म्हातारा माणूस, जुन्या रीती विचारत फिरतो. तुमच्यात खंडेनवमीला काय काय करता?"

तिच्या चेहऱ्यावरची भीती गेली. "माग थांबवतो. धोटे, फण्या सगळं मांडतो. हळदीकुंकू, गूळ-खोबरं. कोहळा फोडतो."

"आणि खळ?"

सुताला ताठपणा यायला पिठाची पातळ लापशी देतात, ती खळ. विणकराच्या घरात तिचा वास भिंतीत मुरलेला असतो.

"खळीला त्या दिशी शिवायचं न्हाय. आदल्या दिशी भांडं घासून पालथं घालायचं. यंत्राचा उपास आसतोय की. पूजेत खळ कोण आणंल? तुमच्यात आणतात व्हय?"

 अप्पांना स्वतःची आई दिसली. घरचा मागाचा कारखाना विकायच्या आधीचे दिवस. सगळ्या गल्लीत म्हातारीला हसायचे, कारण ती खंडेनवमीला मागाला खळीचा नैवेद्य दाखवायची. वाटीत थोडी खळ, त्यात बोट बुडवून मागाच्या दांड्याच्या टोकाला एक टिपका. म्हणायची, वर्षभर ह्यानं आपल्याला खाऊ घातलं, आज त्याच्या तोंडाला लावू. दुसऱ्या कुणाच्यात हे नव्हतं. ही तिचीच काढलेली रीत. शेवटी शेवटी तिचा हात कापायचा, तेव्हा नात तिचं बोट धरून वाटीत बुडवायची.

घड्याळाला दांडा नसतो. टोक म्हणावं असं एकच, ती चावी.

"साहेब, पाणी देऊ? घाम आलाय तुमाला," सोनाबाई म्हणाली.

५

शिवलीला अप्पांच्या घरी मागच्या पडवीत शेंगा फोडत बसली होती. अप्पा समोरच्या पायरीवर टेकले.

"घड्याळ अष्टमीला आलं होतं."

"हो."

"खंडेनवमीला तू घरात एकटी होतीस."

"हो, अप्पा." तिनं हात थांबवला नाही. "देवापुढं ठेवलं. टकटक वाजत होतं, म्हणून चावी ओढून थांबवलं. पाणी शिंपडलं, हळदीकुंकू वाहिलं, अज्जीसारखं खळीचं बोट लावलं. गव्हाच्या पिठाची केली, वाटीभर. मला वाटलं, यंत्राला बरं वाटेल, त्यांच्या हाताला यश येईल. दसऱ्याला त्यांनी ते सगळ्यांसमोर हलवून बघितलं, तेव्हा मला कळलं काय झालं. मग तोंडातून निघून गेलं की आजच आलंय."

तिच्या बोलण्यात रडं नव्हतं. अप्पांना ते विचित्र वाटलं, पण त्यांनी त्याचा विचार केला नाही. मनात दुसरंच चाललं होतं. हे बाहेर पडलं तर शिवराज हिला पुन्हा उंबरा ओलांडू देणार नाही. गल्लीत, नातेवाइकांत, मठात काय तोंड दाखवायचं? उन्हाळ्यात ही पिशवी घेऊन आली होती तेव्हा त्यांनीच दुसऱ्या दिवशी रिक्षा करून तिला पोचवली होती. वाटेत समजावलं होतं की संसारात होतंच असं, दिलेल्या घरी राहायचं असतं.

"कुणाला बोललीस?"

"नाही. तुम्ही शोधाल म्हणून थांबले." आता तिनं वर बघितलं. "उद्या शोरूममध्ये सगळे येणार आहेत ना? तुम्ही काय सांगणार?"

"ते मी बघतो."

"खरं सांगा, अप्पा. तुम्ही नेहमी खरंच सांगता."

पोरगी घाबरली आहे, म्हणून शिक्षा मागून घेते आहे, असं अप्पांना वाटलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि उठले. रात्री ते शांत झोपले. तेच कोडं आता दुसऱ्या माणसाच्या अंगावर कसं बसवायचं हे त्यांच्या लक्षात आलं होतं. बसवायलाही लागणार नव्हतं. ते आपोआप बसत होतं.

६

शोरूमच्या आतल्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. शिवराज, नागव्वा, दिग्विजयशेठ. सिद्धाराम उभा. मध्ये टेबलावर घड्याळ.

अप्पांनी हळूहळू सुरुवात केली, पूर्वी कारखानदारांसमोर करायचे तशी.

"पिवळा डाग हळदीचा आहे. म्हणजे घड्याळ पूजेत होतं. चावी ओढलेली होती, म्हणजे पूजेआधी ते थांबवलं. शिवराज, तुमच्यात गाडी पूजेनंतर लगेच चालवतात. थांबवून ठेवायची रीत मागवाल्यांची. बरोबर, सिद्धाराम?"

"व्हय, साहेब."

"शोरूममध्ये खंडेनवमीला तुझ्या टेबलाची पूजा तूच करतोस?"

"व्हय. पकडी, पेचकस, भिंग. पण गिऱ्हाइकाचं घड्याळ..."

"चावीत पांढरा थर आहे. कंपनीला कळलं नाही काय आहे ते. मला कळलं. ती खळ आहे." अप्पा थांबले. "ह्या सगळ्या लोकांत रोज खळीत हात असलेलं घर कुणाचं?"

 नागव्वांनी "अगं बाई" म्हणत मान डोलावली. दिग्विजयशेठनं सिद्धारामकडं बघणं टाळलं. शिवराज सासऱ्याकडं बघत होता आणि त्याच्या नजरेत पहिल्यांदाच मान होता. अप्पांना तो अंगभर जाणवला, आणि आवडला.

"साहेब," सिद्धाराम म्हणाला, "तुमी घरी आलता. आईनं सांगितलं की तुमाला. त्या दिशी आमच्यात खळीचं भांडं पालथं आसतंय. तुमी स्वतः विचारलंत."

"आई लेकाचीच बाजू घेणार."

"पण तिला ठावं कुटं होतं तुमी कशाला विचारताय? तिनं आपलं खरं सांगितलं."

हे उत्तर बिनतोड होतं. अप्पांना ते त्याच क्षणी कळलं. पूर्वी दुसऱ्या कुणी असं उत्तर दिलं असतं तर त्यांनी सगळं काम थांबवून पुन्हा पहिल्यापासून बघितलं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तू अष्टमीला घड्याळ दिलंस म्हणतोस. माझी मुलगी म्हणते दसऱ्याला आलं. आता मी माझ्या मुलीला खोटी म्हणू?"

सिद्धाराम त्यांच्याकडं बघत राहिला. मनगटाकडं नाही, सरळ डोळ्यांत. अप्पांना वाटलं, ह्याला समजलं. सगळं समजलं. पण त्याचा काही उपयोग नव्हता.

"न्हाई, साहेब," तो म्हणाला. "लेकीला कोण खोटी म्हणंल?"

दिग्विजयशेठनं पत्र तयारच ठेवलं होतं. सही केली. सिद्धारामनं गळ्यातलं शोरूमचं ओळखपत्र काढून घड्याळाशेजारी ठेवलं. ठेवताना नेहमीच्या सवयीनं त्यानं घड्याळ टेबलावर सरळ केलं आणि बाहेर पडला.

"मामा," शिवराज उठला, "मानलं तुम्हाला. यंत्र नवीन बसून येईल तेव्हा येईल. मी शब्दाचा पक्का आहे, पण तुमच्यासाठी थोडा मोडतो. शिवलीलाला आजच घेऊन जातो."

७

गाडी गल्लीत मावत नव्हती म्हणून तोंडाशी उभी राहिली. अप्पा पुढं चालत आले, लग्नात वरात पुढं चालते तसे. दारातूनच म्हणाले, "पिशवी भर, बाळ. मिटलं सगळं."

शिवलीला आत उभी होती. "काय सांगितलंत?"

त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांना वाटत होतं, आता ही रडेल, पाया पडेल.

ती भिंतीला टेकून खाली बसली.

"मी सिद्धारामच्या हातून डबी घेतली तेव्हा त्यानं विचारलं होतं, वैनी, हाताला काय झालं?" तिनं डाव्या बाहीचा काठ वर केला. कोपराच्या वर इस्त्रीच्या टोकाची चटक्याची खूण होती, जुनी, आणि तिच्या शेजारी तेवढीच दुसरी, ताजी. "तुम्ही नाही कधी विचारलंत. उन्हाळ्यात दाखवायला आले होते, तर तुम्ही रिक्षा बोलावली."

"शिवलीला..."

"मी त्यांना सांगितलं असतं की घड्याळ मीच बिघडवलं, तर त्यांनी मला तिथंच संपवलं असतं. तुमच्या तोंडून चारचौघांत कळलं असतं, तर नुसतं टाकून दिलं असतं. मग तुम्हाला मला ठेवून घ्यावंच लागलं असतं. म्हणून मी थांबले, अप्पा. मला वाटलं, निदान निकाल तरी तुम्ही खरा देता."

बाहेर हॉर्न वाजला. एकदाच, थोडासा.

"आता सांगते मी," ती म्हणाली. "आता जाऊन सांगते."

अप्पा दारात आडवे झाले. ते का झाले हे त्यांनाही नीट उमगलं नाही. आत्ता खरं सांगायचं म्हणजे तासाभरापूर्वी आपण खोटं बोललो हे सांगायचं. त्या खोलीत, त्या खुर्च्यांसमोर, ज्या माणसाची आई आपल्याला पाणी देत होती त्याच्याविषयी. दिग्विजयशेठला. नागव्वांना. मग आयुष्यभर दिलेला एकेक निकाल लोक उकरून काढतील, ही आग खरंच लावली होती का, ते पाणी खरंच मुद्दाम सोडलं होतं का.

"आता ते ऐकणार नाहीत," ते म्हणाले. "त्यांना घड्याळ मिळालंय."

"म्हणूनच ठेवून घेतील मला." तिनं बाही खाली केली. बराच वेळ ती बापाकडं बघत होती, वाट बघितल्यासारखी. मग उठली, दोरीवरच्या दोन साड्या ओढून पिशवीत कोंबली.

हॉर्न पुन्हा वाजला. अप्पांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. ती हलकी होती. गल्लीतून जाताना शेजारणी दारात आल्या, एकीनं विचारलं, "चालली का सासरी?" अप्पांनीच मान हलवून हो म्हटलं.

शिवलीला मागच्या सीटवर बसली. तिनं काच खाली केली नाही. अप्पांनी पिशवी डिकीत ठेवून झाकण टेकवलं. शिवराजनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"जोरानं लावा, मामा. हळू लावलं की लागत नाही ते."

अप्पांनी जोरानं लावलं.